निजवलेली वई

टक्.

घर इतकं गप्प होतं की तो आवाज मला जिन्याच्या वरच्या पायरीवर ऐकू आला. मी अनवाणीच खाली धावले. पहाटे चूल विझली होती, खिडकीच्या काचेला आतूनही बर्फ धरला होता, आणि ओळीनं ठेवलेल्या सतरा बरण्यांतली नऊ नंबरची तळापासून गळ्यापर्यंत तडकली होती. काटक्यांची जुडी तेवढी उभी होती, बर्फाच्या ठोकळ्यात रोवल्यासारखी.

मी ती जुडी सोडवून पोटाशी धरली. कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. मेल्या की जिवंत ते कळेना. मुरंब्याची उरलेली बरणी बोटानं निपटून माझ्या मुलीच्या, विनीच्या, वाटीत घातली, बरणी धुतली, त्यात कोमट पाणी ओतलं आणि चिठ्ठी नव्यानं चिकटवली : नऊ. मग शेवटची अर्धी बादली कोळसा चुलीत रिकामी केली. माणसांसाठी नव्हे, काटक्यांसाठी.

आमचं घर आमचं नव्हतं. या टेकडीवर जो वया, म्हणजे शेतांच्या कडेची झाडाझुडपांची जिवंत कुंपणं, राखतो, त्याला राहायला हे घर, अशी रीत. माझे सासरे, एनॉक बाबा, चव्वेचाळीस वर्षं वया राखत आले होते. पुढे माझा नवरा आयव्हर राखणार होता, पण उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि तो गेला, त्यालाही दोन हिवाळे झाले. इस्टेट विकली गेली. नवा मालक क्रॉदर बटाटेवाला. त्याच्या यंत्रांना वळायला जागा लागते, म्हणून त्यानं एकेक करून वया उपटल्या. शेवटची उरली ती चढापलीकडची, शंभरेक पावलांची. जानेवारीत तिच्या फाटकावर कागद लागला : ही वई काढणार, हरकत असेल तर कौन्सिलनं सहा आठवड्यांत सांगावं. वई गेली की वई राखणारा कशाला, आणि त्याला घर तरी कशाला? हे त्यानं कागदावर लिहिलं नव्हतं. दुधाच्या गाडीपाशी मला तोंडावरच सांगितलं होतं.

त्या वईत रानआलुबुखाराची झाडं आहेत. आमच्याकडे त्यांना बुलेस म्हणतात. फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं, पहिली कडक थंडी पडेपर्यंत तोंड वाकडं करणारं, मग गोड. मी कौन्सिलला पत्र लिहिलं. उत्तर आलं : झाडं खरंच रानटी आणि जुनी असतील तर वई वाचू शकते. झाडांचे अधिकारी मिस्टर लिडियट चोवीस फेब्रुवारीला येऊन पाहतील. यादी तयार ठेवावी. सगळं जागेवर दिसलं पाहिजे.

फेब्रुवारी! पान नाही, फूल नाही, फळ नाही. काळकाटी, म्हणजे तशीच दिसणारी काटेरी रानझुडपं, आणि बुलेस एकमेकींत घुसलेल्या, उघड्या काड्यांवरून शहरातल्या माणसाला काय कळणार? म्हणून मी प्रत्येक झाडाच्या काटक्या कापून बरण्यांत लावल्या होत्या. घराच्या उबेत त्या लवकर फुलतात. काळकाटीला आधी नुसती फुलं येतात, पान मागाहून. बुलेसला फुलाबरोबर हिरवं पान फुटतं. एवढ्या एका पानासाठी मी दिवस मोजत होते.

शाळेला सुट्टी असली की विनी माझ्याबरोबर वईवर यायची. सहा वर्षांची, पण काम करताना जीभ बाहेर काढून बापासारखी बसायची. तिच्या जुन्या लाल स्वेटरची लोकर उसवून आम्ही प्रत्येक झाडाला एकेक तुकडा बांधला. मी शिवणाची टेप बुंध्याभोवती फिरवायची, ती आकडा मोठ्यानं म्हणायची. टेप काट्यात अडकायची, हात आत घालावा तर मनगटापर्यंत सोलून निघायचा. काटा नखाखाली मोडला की दोन दिवस ठणका. वारा वेल्सच्या बाजूनं यायचा आणि थेट दातांत शिरायचा.

झाडाखाली बसून आम्ही चमच्यानं माती उकरायचो. जुन्या बिया सापडायच्या. काळकाटीची बी बारीक, गोल. बुलेसची फुगीर, खडबडीत. बी सापडली की विनी ती चोखून साफ करायची.

"विनी, थुंक ते! मातीतलं आहे."

"चव नाहीये काही," ती म्हणायची. "खूपच जुनी दिसतेय."

चार नंबरचं झाड सगळ्यांत थोर. कुणीतरी कधीकाळी ते बुंध्याशी अर्धं कापून आडवं निजवलं होतं, आणि ते तसंच निजल्या निजल्या जाड होत गेलं होतं, बसलेल्या म्हशीच्या पाठीएवढं. आत पोकळ. मी खांद्यापर्यंत हात घातला तरी तळ लागला नाही. त्याच्यासारखी आणखी सहा होती. त्यांच्याकडे पाहूनच कुणीही म्हटलं असतं, की ही आपल्या पणजोबांच्या आधीची आहेत.

एकदा क्रॉदरची गाडी फाटकाशी थांबली. काच खाली झाली.

"काय नेस्टा, झाडांना स्वेटर घालतेस होय? सर्दी झाली का त्यांना?"

मी गुडघ्यांवर होते, उठले नाही. "मोजमाप घेतेय."

"घे की. एक तारखेला यंत्र येतंय, त्यालाही माप सांग, म्हणजे दात तेवढे लावून आणतील." मग विनीकडे पाहून, "आणि काय गं, आई तुला माती खायला घालते का?"

विनीच्या तोंडात बी होती. तिनं ती गिळली. गाडी गेल्यावर मला म्हणाली, "आई, पाच नंबरची एक बी कमी लिही."

घरी बाबा अंथरुणात. छाती भरलेली, दोन हिवाळे त्यांनी कोयता धरला नव्हता. मी दूध नेऊन दिलं, की त्यांचं एकच.

"कोन सायब म्हनलीस?"

"झाडांचा अधिकारी."

"वई बगायला येनार?"

"हो, बाबा."

"दोन वरसं हात लागला न्हाई तिला. म्हाताऱ्याच्या दाढीगत माजलीया." ते छताकडे बघत राहिले. "परक्या मानसानं अशी बगायची म्हंजे…"

"तुम्ही झोपा. मी करतेय ना सगळं."

असं म्हणून मी त्यांच्या पायांवर पांघरूण ओढलं. साहेबाला ती माजलेलीच बघायची आहे, हे त्यांना सांगायला हवं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कानानं कमी, छातीनं कमी, त्यात कशाला डोक्याला ताप. आजारी माणसाला आपण मुलासारखं गप्प करतो, तसं मी त्यांना गप्प केलं.

कोळसा संपला होता. बरण्यांसाठी चूल रात्रंदिवस पेटती ठेवायची म्हणजे थट्टा नव्हे. तेवढ्यात बटाटे निवडायच्या शेडमधून निरोप आला, एक बाई आजारी आहे, चार दिवस येतेस का? भेटीआधीचेच चार दिवस. नाही म्हटलं असतं तर पुन्हा बोलावलं नसतं. मी हो म्हटलं. जाताना अंधार, येताना अंधार. पट्ट्यावरून बटाटे वाहत यायचे, सडका दिसला की उचलायचा. संध्याकाळी डोळे मिटले तरी बटाटे वाहतच असायचे. विनी शाळेच्या बसमधून फाट्यावर उतरून चालत घरी यायची आणि आजोबांपाशी थांबायची.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर बाबा टेबलाशी बसून पाव आणि डुकराचं खारं मांस खात होते. पुन्हा मागून घेतलं.

"आज बरं वाटतंय?"

"लई बरं." डोळे चमकत होते. अंगाला धुराचा वास होता. हातांवर ओरखडे.

"हे काय?"

"मांजर," विनी मध्येच म्हणाली, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. किती दिवसांनी ते घर हसत होतं. मी काही विचारलं नाही. अंथरुणातला म्हातारा उठून बसला, पोरगी हसली, याच्यापुढे मांजर कुठलं, धूर कसला, हे कोण विचारणार? मी पायमोजे काढले आणि खुर्चीतच झोपले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आले तर बरण्या फुलल्या होत्या.

दिवा लावायच्या आधीच मला त्या दिसल्या, खिडकीत पांढरं पांढरं. जवळ जाऊन एकेक पाहिली. एक नंबर, फुलाशेजारी पान. दोन, पान. तीन, नुसतं फूल, ती काळकाटी. चार… चारवर सगळ्यांत जास्त फुलं, आणि प्रत्येक फुलाला खेटून हिरवी जीभ. नऊसुद्धा फुलली होती. अकरा बुलेस निघाल्या सतरांत. मी यादीत शेवटचा रकाना भरला. रडू येत होतं ते दाबलं, कागदावर पडलं असतं तर शाई पसरली असती.

"बाबा, झालं," मी म्हटलं. "उद्या दाखवायला सगळं आहे आपल्याकडे."

"हाय तर," ते म्हणाले. "तू तुजं केलंस, मी माजं." त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि टेबलावर लोकरीचे लाल तुकडे ठेवले. गुंडाळून, गाठी सोडवून, नीट. "ही घे तुजी लोकर. पोरीच्या मोज्याला व्हईल. वाया कशाला घालवायची?"

मी ते तुकडे मोजले. मोजायची गरज नव्हती. सतरा होते.

कंदील घेऊन मी चढावर पळाले. मागून विनी ओरडत होती, "आई, उद्या बघायचं! गंमत आहे! आजोबांनी सांगितलंय!"

चढापलीकडे वई होती, पण ती माझी वई नव्हती. शंभर पावलं सरळ, छातीएवढी उंच, एकसारखी. कोवळी कोवळी खोडं बुंध्याशी तिरपी छेदून, सालीची एक जीभ शिल्लक ठेवून, एकाच दिशेला निजवलेली. हात हात अंतरावर खुंटे. वरून हेझल झाडाच्या लवचीक फोकांची वेणी घातलेली, एवढी घट्ट की बोट जाऊ नये. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, छाती भरलेल्या माणसानं चार दिवसांत केलेलं काम. मी आयुष्यात इतकी सुंदर वई पाहिलेली नाही.

जुनं लाकूड सगळं काढलेलं. एरवी वर्षाला नुसती छाटणी व्हायची, पण वई नव्यानं निजवताना पोकळ, कुजकं, आडवं वाढलेलं खोड कुणी ठेवत नाही. ते ठेवणं म्हणजे आळस. चार नंबरच्या जागी जमिनीलगत एक ताजा, पिवळा काप होता, वर चिखल लिंपलेला, आणि त्याच्या बाजूनं फुटलेले अंगठ्याएवढे तीन कोंब व्यवस्थित वाकवून वेणीत घेतलेले. शेताच्या कडेला राखेचा ढीग होता. हात घातला तर आत अजून ऊब होती.

मी राख उपसली. एक जळका तुकडा निघाला, ताटलीएवढा, त्यावरची वर्तुळं कोळशात गेलेली.

मागून बाबा आले. कोट खांद्यावर टाकलेला, धाप लागलेली, पण चालणं ताठ.

"चव्वेचाळीस वरसं," ते म्हणाले, "दर फेब्रुवारीला इस्टेटीचा मानूस बगायला यायचा. वई नीट दिसली की टोपीला हात लावून जायचा. म्हंजे आनखी एक वरीस घर आपलं. एकदा म्हातारीच्या आजारपनात ऱ्हायली होती, तवा घोड्यावरून उतरलासुदिक न्हाई. म्हनला, एनॉक, दुसरा बगू का?" ते खोकले. "मला काय कळत न्हाई व्हय, हे कशासाठी चाललंय? तू एकलीच वढत हुतीस. कागद तुजा, पर वई तर माजी हाय."

मी कंदील खाली धरला, माझं तोंड दिसू नये म्हणून.

"कशी हाय?"

"छान आहे, बाबा."

"जोरात बोल की."

"छान आहे!" मी ओरडले.

मिस्टर लिडियट दुसऱ्या दिवशी दहाला आले. उंच, वाकलेला, नाक गळणारा भला माणूस. दारातच बूट काढायला लागला, मी नको म्हटलं. त्यानं बरण्या पाहिल्या, भिंग काढून एकेक पान पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "हे फार हुशारीनं केलंत तुम्ही." माझ्या यादीवर तो बराच वेळ होता. चार नंबरच्या आकड्यावर त्याचं बोट थांबलं. "एवढं जाड? खरंच? चला, बघू या."

बाबांनी लग्नातला कोट घातला होता. विनी त्यांचं बोट धरून पुढे.

वईपाशी पोचल्यावर लिडियटनं यादी उघडली. यादी हातात घेऊन तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. चारपाशी वाकला. चिखल बोटानं पुसून तो ताजा काप पाहिला. मग माझ्याजवळ येऊन आवाज खाली केला.

"हे या आठवड्यातलं आहे. मोठी खोडं कुठे आहेत?"

"जाळली."

"कुणी?" त्याचा चेहरा बदलला. "हे बघा, हरकत विचारात असताना जमीनमालकानं पुरावा नाहीसा केला असेल तर गोष्ट वेगळी होते. मी आजच लिहू शकतो. वई तिथंच थांबेल. फक्त मला सांगा, क्रॉदरची माणसं होती का?"

वारा पडला होता. खाली दरीत कुणाची तरी मेंढरं ओरडत होती. एक शब्द. मान हलवली असती तरी चाललं असतं. क्रॉदरनं इतक्या वया उपटल्या होत्या. ही एक त्याच्या नावावर गेली असती तर कुठला देव रागावला असता? माझं तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, उघडलं होतं.

"काय म्हनतोय?" बाबांनी विनीला विचारलं.

"कुणी कापली, विचारतोय," विनी त्यांच्या कानात ओरडली.

"मी!" बाबा पुढे आले. टोपी काढली. "मी कापली, सायब. एकट्यानं. चार दिसांत. कुनाचा हात न्हाई लागला तिला." त्यांनी छातीवर थाप मारली आणि खोकल्याची उबळ आली, पण खोकताखोकताच ते हसत होते. "पोरीनं लोकर सोडली, तेवढीच मदत!"

लिडियटनं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याला कळलं. कळलेलं मला दिसलं. त्यानं यादीची घडी घातली, परत उलगडली.

"मी रानआलुबुखार म्हणून अकरा लिहितो," तो मला म्हणाला. "ते तुम्ही दाखवलंत. पण झाडांच्या वयाचं… उभ्या खोडांत वीस-पंचवीस वर्षांपेक्षा जुनं एकही नाही. मुळं असतील तीनशे वर्षांची, मला मान्य आहे. पण मुळं लिहायला रकाना नाही."

"माझे आकडे आहेत ना. प्रत्येक झाडाचे."

"आहेत. मला खरेही वाटतात. पण मी जे पाहिलं तेच लिहू शकतो."

मी तो जळका तुकडा एप्रनमधून काढला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, भिंगानं पाहिला आणि फार हळुवारपणे मला परत दिला.

जाताना तो बाबांपाशी थांबला. त्यानं हातमोजा काढला, बाबांचा हात धरला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मी तीस वर्षं वया बघतोय. इतकं चांगलं काम मी पाहिलेलं नाही." मग टोपीला हात लावला.

गाडी वळणाआड जाईपर्यंत बाबा टोपी हातात घेऊन उभे होते.

दुपारभर ते बोलत होते. टोपीला हात कसा लावला, ते दोनदा करून दाखवलं. चार वाजता त्यांनी सूप घेतलं, मग चुलीपाशी बसून कोयत्याला दगडावर धार लावायला घेतली. आता फाटकापलीकडचा तुकडा घ्यायचा, म्हणाले, क्रॉदरला विचारून. साहेबाचा शब्द पडलाय म्हटल्यावर तो नाही कशाला म्हणेल. बोलताबोलताच त्यांची मान कलली. दगड मांडीवरून घसरला, तो मी अलगद धरला.

विनी टेबलाखाली बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी खाली बसून तिला ओढलं तर आली नाही.

"आई, तो माणूस गाडीत बसताना तू रडलीस."

"वाऱ्यानं."

"वारा नव्हता." तिनं टेबलाच्या पायावर नख ओढलं. "आपल्याला घर सोडावं लागणार?"

मी तिचे केस मागे सारले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःच मान हलवली. तिच्या मागे बाबा झोपले होते, तोंड किंचित उघडं, चेहरा इतका निवांत की आयव्हर गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

विनी टेबलाखालून सरपटत पुढे आली. माझ्या कानाशी तोंड आणून, ते ऐकतील अशी भीती असल्यासारखी, तिनं विचारलं,

"आई, सामान बांधायला लागलो की आजोबा विचारतील का म्हणून. मग त्यांना काय सांगायचं?"